थोरलीने कार्ड उघडलं

"मुलगा गेम खेळतो वाटतं?" असं दुकानदाराने विचारलं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण तिचं ते त्या दिवशीचं तिसरं दुकान होतं, आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी तिने हेच ऐकलं होतं. केस पिकायला लागलेली, चष्मा कपाळावर चढवलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली बाई ग्राफिक्स कार्ड मागते म्हणजे ते घरातल्या कुठल्यातरी पोरासाठीच असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलेलं. त्या पिशवीतून ती स्वतःचं काम घेऊन फिरत असेल, हे एकाच्याही डोक्यात येत नाही.

"मुलगा नाही, गेम नाही. माझ्या कामासाठी हवंय," ती म्हणाली.

तिचं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं. बिल्डर नकाशा पाठवतो. मग ही कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करते, खिडकीतून ऊन आत आणते, दिवाणखान्यात सोफा मांडते आणि फाटकाबाहेर अशी हिरवीगार झाडं लावते, जी तो बिल्डर जन्मात लावणार नाही. ते ऊन खरं वाटावं म्हणून कॉम्प्युटर तासन्‌तास आकडेमोड करतो, आणि ती करतं ग्राफिक्स कार्ड. काम करताना ते तापतं. तापलं की गार करायला त्याचा पंखा फिरतो. थोरलीच्या जुन्या कार्डाला बंद प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेला एकच चिमुकला पंखा होता. काम सुरू झालं की कुणीतरी केस वाळवायचं यंत्र चालू ठेवून निघून गेल्यासारखा तो भणभणायचा.

"आवाज न करणारं दाखवा."

दुकानदाराने रंगीबेरंगी दिव्यांच्या चित्राचं एक खोकं पुढे सरकवलं. "हे घ्या. सायलेंट आहे. लिहिलंय ना वर."

"लिहिलंय ते वाचता येतं मला. चालवून दाखवा."

"चालवून नाही दाखवत आम्ही. आणि आवाज वाटलाच तर हेडफोन लावायचे, मॅडम. सगळे तेच करतात."

"मी लावीन हो हेडफोन. आईला काय लावू?"

दुकानदाराने खोकं परत फळीवर ठेवलं. त्याला काय कळणार? त्याला कळावं अशी तिची इच्छाही नव्हती. ती दुकानाबाहेर आली, पायरीवर उभी राहून तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि घरी गेली.

आईचं प्रकरण असं होतं. आई एकेकाळी बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत खणखणीत जायचा. जागेवरून, पिशव्यांवरून, दारात लटकणाऱ्यांवरून ती भरल्या बसशी एकटी भांडायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. नोकरी संपली, आणि मग हळूहळू कान गेले. कान गेले आणि पहिलं काय गेलं असेल, तर भांडण. समोरचा काय बोलला तेच कळलं नाही तर उलट उत्तर देणार कशाला? आई सगळ्यांकडे बघून हसायला लागली. नातेवाईक म्हणू लागले, "म्हातारी किती शांत झाली हो!" शांत कसली! बाईच्या तोंडातला घास काढून घ्यायचा आणि वर तिच्या साधेपणाचं कौतुक करायचं, त्यातला हा प्रकार.

आणि घरात मग दोन तऱ्हांचं बोलणं सुरू झालं. पहिलं आईसाठी. कानाशी वाकून, मोठ्याने, सावकाश, गोड. "आई, जेवलीस का?" दुसरं त्याच्या मागोमाग, नेहमीच्या आवाजात, मान फिरवून. "नाहीतर ठेवशील परत ताटात अर्धं, आणि ते मी खायचं." थोरली हे मुद्दाम करत नव्हती. आई ऐकत नाही म्हटल्यावर ते बोलणं कुणाला उद्देशून नव्हतंच. भिंतीशी बोलावं तसं ती आईसमोर बोलायची. दिवसभराचा सगळा जाळ असा तिथेच बाहेर पडायचा, म्हणून तर एरवी ती बिल्डरांशी हसून बोलू शकायची. वर्षं गेली. तोंडाला ते वळण पडून गेलं.

मग परगावी राहणाऱ्या धाकट्याने आईसाठी कानाची मशीनं घेऊन दिली. चांगली होती, उगाच नावं का ठेवा. आई ती घालून घरी आली, खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसली, थोरलीने कामाचं बटण दाबलं, आणि आईने दोन्ही हातांनी कान गच्च धरले.

"अगं, घरात विमान उतरवतेस की काय?"

मशीनं निघाली ती थेट डबीत.

कान तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की मशीन दिवसभर कानात राहिलं पाहिजे. इतक्या वर्षांनी आवाज ऐकतात, सवय व्हायला वेळ लागतो. अधूनमधून घातलं तर सवय होत नाही, आणि मग ते कायमचं डबीत जातं. "अशा कितीतरी डब्या आहेत लोकांच्या कपाटात," बाई म्हणाल्या. थोरलीच्या काळजात ते रुतलं. आई पुन्हा ऐकेल, तिच्याशी दोन वाक्यं सरळ बोलता येतील, हे मनात धरून ती बसली होती. आणि आड काय येत होतं? तर वीतभर पंखा.

धाकट्याचा फोन आला. "कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेव की."

"आत कुठे? आईच्या उशीखाली? दोनच खोल्या आहेत रे, विसरलास का?"

"मला एवढंच कळतं, ताई. मशीन मी घेऊन दिलं. ते तिच्या कानात राहील हे बघायचं काम तुझं."

तिने फोन ठेवला नाही, आपटला. दूर राहून मातृभक्ती करणं फार सोपं असतं. जवळ राहणाऱ्याच्या वाट्याला पंखे येतात.

मग थोरली हट्टाला पेटली. कामं आटोपली की बसून तिने कार्डांबद्दल सापडेल ते सगळं वाचून काढलं. लोकांनी ध्वनिमापक लावून घेतलेल्या चाचण्या पाहिल्या, कंपन्यांच्या जाहिरातींना शिव्या घातल्या. तिच्या ध्यानात आलं ते असं, की सगळ्यात जोरदार कार्ड घेण्यात अर्थ नाही. ते जितकी वीज पितं तितकं तापतं, आणि तितके पंखे बोंबलतात. आपल्याला हवं एक पायरी खालचं, कमी विजेवर भागवणारं. पण त्याच्या पाठीवर गार करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची जुडी मात्र भरगच्च हवी. पत्रे जास्त असले की पंखा हळू फिरला तरी चालतं. खोक्यावर काय लिहिलंय याला काडीची किंमत नाही.

ती पुन्हा पहिल्या दुकानात गेली आणि तिथल्या पोरगेल्या विक्रेत्याला म्हणाली, "या दरातली सगळी काढा. हातात घेऊन बघते."

"हातात घेऊन काय कळणार?"

"वजन."

भाजी निवडावी तशी तिने एकेक कार्ड तोलून पाहिलं. विक्रेता गालात हसत होता. हसू दे. सगळ्यात जड होतं ते तिने घेतलं. त्याला दिवे नव्हते, चित्र नव्हतं, दिसायला अगदी काळंकुट्ट धूड.

घरी बसवलं, काम लावलं, आईला मशीन घालायला लावलं. सुरुवातीला खरंच काही ऐकू येईना. थोरली सुखावली. आणि मग "घुर्र" झालं. मग गप्प. मग पुन्हा "घुर्र". कार्ड थोडं तापलं की पंखे जागे व्हायचे, गार झालं की झोपायचे, आणि लगेच पुन्हा तापायचं. प्रत्येक वेळी आई खुर्चीत दचकायची.

"हा मरतोय की जगतोय, एकदाचं ठरवायला सांग त्याला," आई म्हणाली आणि मशीनं काढून ठेवली.

"आई, दोन दिवस दे मला. करते काहीतरी," थोरली कानाशी वाकून ओरडली. मग वळता वळता म्हणाली, "महाराणींची झोपमोड झाली. गरीब दासीने आता काय पंखा हाताने फिरवावा?"

नवंकोरं कार्ड तिने टेबलावर जुन्या टॉवेलवर पालथं घातलं. एका स्क्रूवर इवलासा कागद चिकटवलेला होता. तो फाटला की वॉरंटी गेली. तिने तो नखाने खरवडून काढला, आणि खरवडताना तिला फार बरं वाटलं. स्क्रू निघाले, प्लास्टिकचं काळं कवच निघालं, त्यात बसवलेले तिन्ही छोटे पंखे निघाले. खाली राहिली ती उघडी, चकचकीत पत्र्यांची जुडी. त्या जुडीला तिने हात लावला नाही, ती कार्डाच्या चिपवर घट्ट बसलेलीच राहू दिली. वरून तिने कॉम्प्युटरच्या पेटीला, म्हणजे कॅबिनेटला लावतात ते दोन मोठे, रुंद पात्यांचे पंखे ठेवले आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधले. मोठं पातं संथ फिरलं तरी पुष्कळ वारा ढकलतं. छोट्या पंख्याला त्यासाठी जीव तोडून धावावं लागतं. सगळं मिळून ते इतकं बेढब दिसत होतं की बघवत नव्हतं. पण इथे कुणाला त्याचं लग्न लावायचं होतं?

आणि इथे तिने घोळ घातला. त्या मोठ्या पंख्यांच्या वायरी कार्डावरच्या बारक्या खाचेत बसेनात, म्हणून तिने त्या मदरबोर्डला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पट्टीला जोडून टाकल्या. काम लावलं. पंखे संथ फिरत राहिले. शांतता अशी, की तिने आनंदाने चहा टाकला. चहा उकळेपर्यंत पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं, आणि मग पडदा काळा. बिल्डरच्या सोळा मजल्यांवरचं ऊन गेलं. घडलं होतं असं, की मदरबोर्डवरचे पंखे मदरबोर्डवरच्या मोठ्या चिपची खबर ठेवतात. ती निवांत बसली होती, म्हणून पंखेही निवांत. शेजारी कार्ड भाजून निघतंय हे त्यांना सांगणार कोण?

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. पहिला राग स्वतःवर, दुसरा पंख्यावर, आणि उरलेला सवयीने आईच्या खुर्चीवर. "तुझ्यापायी ना, एक दिवस घर जाळीन मी!" ती म्हणाली. आईचं मशीन डबीत होतं. आई खिडकीबाहेर बघत होती.

मग तिने एक बोटभर लांबीची जोडवायर मिळवली. तिचं एक टोक कार्डाच्या खाचेत बसायचं आणि दुसरं मोठ्या पंख्यांना. आता पंखे कार्डाचं ऐकू लागले. पंखे पूर्ण बंद होण्याची सोय तिने काढूनच टाकली; थांबणं नको आणि दचकवणं नको, सतत हळू फिरा. कार्डाची वीजही थोडी आवळली. चित्राला थोडा जास्त वेळ लागला, तो तिने सोडून दिला.

"आई, घाल बघू मशीन."

आईने घातलं. बराच वेळ ती मान तिरकी करून बसली.

"लाव की काम."

"लावलंय. केव्हाचं चालू आहे."

आईचा विश्वास बसेना. तिने उठून कॅबिनेटवर हात ठेवून बघितला, तो गरम लागला, तेव्हा ती मोकळेपणाने हसली. पुढचे काही दिवस घरात मजा होती. नळाची धार, जिन्यावरची पावलं, शेजारच्या घरातलं भांडण, सगळं आई नव्याने ऐकत होती आणि शेजाऱ्यांचं कुठे चुकतंय तेही सांगत होती. थोरली अगदी हवेत होती. धाकट्याला तिने मुद्दाम फोन करून कळवलं.

आणि मग एका दुपारी बाहेरून येऊन पाहते तर मशीनं डबीत.

"का काढलीस?"

आईने नुसतं कानाकडे बोट दाखवून तोंड वेडंवाकडं केलं. आवाज होतो, असं.

कसला आवाज? थोरलीने कॅबिनेटचं दार उघडून कान आत घातला. पंखे नाहीच. पण काम जोरात आलं की अगदी बारीक, किटकिटी शीळ येत होती. पंख्याची नव्हे, कार्डावरच्या वीज खेळवणाऱ्या तारांच्या गुंडाळ्यांची. हीच! मशीन बारीक आवाज जास्त मोठे करतं, हे त्या बाईंनी सांगितलं होतंच. थोरलीने वीज आणखी आवळली. कॅबिनेटला आतून फोम चिकटवला. मागच्या बाजूला पुठ्ठा उभा केला. कामं उशिरा जाऊ लागली, एक बिल्डर फोनवर वाटेल ते बोलला, तेही तिने गिळलं. शीळ जवळजवळ नाहीशी झाली. आई सकाळी मशीन घालायची, आणि थोरली जरा घरात वावरली की ते डबीत जायचं.

"आता कोणता आवाज येतो हिला? मुंगी चालल्याचा?" थोरली दातओठ खात म्हणायची. "अख्खं कार्ड सोलून ठेवलं, तरी हिचं आपलं चालूच. हिला ऐकायचंच नाहीये."

धाकट्याचा फोन यायचा, मशीन डबीत म्हणून आई बोलू शकायची नाही, आणि तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मी काय जन्मभर हिच्याच उशाशी बसायचं का रे?" ती एकदा सकाळी सकाळी त्याला म्हणाली. आई खिडकीपाशी होती.

मग एक दिवस सकाळीच लाइट गेली. थोरली खालच्या दुकानातून रात्रीसाठी मेणबत्त्या घेऊन जिना चढली. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, फ्रिज बंद, सगळ्या इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. दार उघडंच होतं. आत आई खुर्चीत बसून, मान डोलावत, गल्लीतून चाललेल्या कुणाचं तरी बोलणं ऐकत होती. दोन्ही मशीनं कानात. थोरलीची चप्पल वाजली. आईने वळून पाहिलं, आणि शांतपणे एक मशीन काढलं, मग दुसरं काढलं, आणि डबीचं झाकण लावलं.

थोरलीचा बांध फुटला. मेणबत्त्या टेबलावर फेकून ती आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि कानाशी न वाकता ओरडली, "आता कसला आवाज येतो? लाइट नाहीये! सगळं बंद आहे! मी तुझ्यासाठी दुकानं पालथी घातली, नवं कार्ड फोडलं, कामं घालवली, आणि तू मला बघून मशीन काढतेस?"

आईला तेवढं ऐकू गेलं. तेवढं सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असेल.

"तो जुना पंखा होता ना, तेव्हा बरं होतं," आई म्हणाली. "मोठ्याने बोलायचीस तेवढंच कळायचं. मागाहून बोलतेस ते नाही कळायचं."

"मागाहून काय बोलते मी?" थोरलीने तेवढ्याच मोठ्याने विचारलं.

आईने तिकिटं फाडत थांब्यांची नावं घ्यावीत तसं सरळ, सूर न लावता सांगितलं. "'आली महाराणी जेवायला.' 'घे, सांड आता चहा.' 'हिला काय, खुर्चीत बसून हुकूम सोडायचे.' 'हिला ऐकायचंच नाहीये.' आणि त्याला फोनवर, जन्मभर उशाशी बसण्याचं." ती थांबली. "विमान परवडलं मला."

एवढा वेळ थोरली आवाज शोधत कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसली होती. राग अजून होता, पण तो फेकायला जागा सापडेना. तिला फार लाज वाटली. ती वाकली, आईच्या कानाशी गेली, आणि जुन्या सवयीने मोठ्याने, गोड, सावकाश म्हणाली, "आई, तसं नव्हतं गं म्हणायचं मला."

"हे बंद कर!" आई कडाडली. कित्येक वर्षांत हा आवाज त्या घरात उमटला नव्हता. "तसंच म्हणायचं होतं. मला लहान मुलासारखं बोलू नकोस. आणि भिंतीलाही काही सांगू नकोस. भिंत काय उत्तर देणार तुला?"

तिने डबी उघडली. थोरलीला तिने हात लावू दिला नाही. एक मशीन घातलं, दुसरं घातलं, खुर्ची पाय घासत वळवून घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"हं, बोल आता. तोंडावर बोल. भरल्या बसशी भांडलेली बाई आहे मी, मरत नाही. एवढी वर्षं झाली, एक माणूस माझ्याशी भांडलेलं नाही. सगळे आपले हसतात आणि मान हलवतात."

थोरलीच्या तोंडून शब्द फुटला तो भलताच फुटला. "ताटात टाकतेस तू. रोज."

"अळणी करतेस. रोज."

"मग सांगायचं होतंस!"

"कुणाला? तुझ्या पाठीला?"

"आणि तू? धाकट्याचं नाव निघालं की डोळे भरतात तुझे, आणि इथे मी दिवसरात्र मरते त्याचं काही नाही! हो, म्हटलं मी ते! थकते मी, आई! बसवत नाही मला सारखं इथे!"

"मग थकते म्हण. महाराणी काय म्हणतेस?"

"महाराणीसारखी बसतेस म्हणून म्हणते!"

"गुडघे तुला देऊ का? बसून बघ!"

शेजारचं दार किलकिलं झालं आणि लागलं. दोघींचे आवाज चढत गेले, आईचा तर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाईल असा. गाल लाल झाले होते तिचे. थोरली रडत होती आणि एकही शब्द मागे घेत नव्हती, आणि आई एकही शब्द वाया जाऊ देत नव्हती. तेवढ्यात टेबलावर मोबाइल वाजला. धाकट्याचा होता. थोरलीने हात पुढे करायच्या आत आईने तो उचलून मशीनपाशी धरला.

"हो, येतंय ऐकू. नंतर कर. तुझ्या बहिणीशी भांडतेय मी," आई म्हणाली, आणि फोन मांडीवर ठेवून थोरलीकडे वळली. "हं. बसवत नाही म्हणालीस. पुढे?"